पिवळी प्रत

शनिवारी संध्याकाळी कॅप्टनचा फोन आला. कॅप्टन म्हणजे कॉलेजात असतानाचा आमच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन. आता तो त्याच कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे, पोरं त्याला 'सर' म्हणतात, आणि आम्ही दोघं-चौघं जुने खेळाडू अजूनही 'कॅप्टन'च म्हणतो.

"तू लिहितं ना काहीबाही? मग एक काम कर. बुधवारच्या मॅचबद्दल अर्धं पान लिहून दे. कोणत्या खेळाडूंवर मॅच फिरेल, कोणाकडे लक्ष ठेवावं, असं. बोर्डावर लावतो. पोरी खूश होतीन."

अर्धं पान म्हणजे काय मोठं काम, असं वाटून मी हो म्हणालो. आज मंगळवार आहे, रात्रीचे साडेदहा वाजलेत, आणि ते अर्धं पान अजून झालेलं नाही. जे झालं ते हे असं लांबलं. बोर्डावर लावण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. सामना मुलींचा आहे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला. आमचं विद्यापीठ अमरावतीचं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्यात येतात. त्यामुळे यवतमाळच्या कुठल्याही संघाला वर सरकायचं तर कधी ना कधी अमरावतीची गाठ पडतेच. आणि अमरावती म्हणजे खेळाचं गाव. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. त्या गावाच्या हवेतच शिट्टी असते असं आम्ही म्हणायचो. आमच्या हवेत कापसाची धूळ. उद्याचा समोरचा संघही अमरावतीचाच आहे.

आमचं कोर्ट सिमेंटचं, उघड्यावर. रिंगला जाळी आहे, पण एकाच बाजूला. फक्कीच्या रेषा सामन्याच्या आदल्या दिवशी मारतात. चोवीस सेकंदांचं यंत्र नाही, एक मुलगा स्टॉपवॉच घेऊन बसतो आणि ओरडतो. आणि मी टेबलवर स्कोअरर म्हणून बसतो. खेळणं सुटल्यावर मला जमलेलं हे एकच काम. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला तांबडा पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळा. टेबलवर बसलं की टाळी वाजवायची नाही. सुरुवातीला फार जड गेलं ते.

तर, मॅच कोणावर फिरेल? सरळ बघायला गेलं तर यादी सोपी आहे. (मुलींची नावं इथे लिहीत नाही. नंबर पुरेत. आमच्याकडे अजून जुन्या रिवाजाप्रमाणे चार ते पंधरा हेच नंबर असतात. एक, दोन, तीन हे आकडे रेफरीच्या बोटांसाठी राखलेले असायचे, म्हणून नंबर चारपासून सुरू व्हायचे. आता नियम सैल झालेत, पण नव्या जर्शी कोण शिवणार?)

चार नंबर कॅप्टन आहे, यवतमाळचीच. बॉल पुढे आणते, सगळ्यांवर ओरडते, स्वतःवरही ओरडते. उजव्या हाताने एकदम पक्की, डाव्या हाताने कच्ची. अमरावतीवाल्यांना हे दोन मिनिटांत कळेल आणि मग ते तिला डावीकडेच ढकलत राहतील.

सात नंबर दिग्रसची, होस्टेलवर राहते. बोर्डावर जिचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं ती हीच. हात उंचावून मनगट मोडलं की बॉल कुठे जाणार हे रिंगलाही माहीत असतं. तिच्यावर दोघी लागणार हे नक्की. दोघी लागल्या की तिने बॉल सोडला तर आपण जिंकतो, धरून ठेवला तर अडकतो.

अकरा नंबर उंच, कबड्डीतून आलेली. कबड्डीत धरणं हा गुण आहे, इथे तोच फाऊल. पहिल्या वर्षी ही पोरगी दर सामन्यात दुसऱ्या क्वार्टरमध्येच पाच फाऊल करून बाकावर यायची आणि विचारायची, "सर, मी तं फक्त धरलं, काऊन बाहेर?" आता बरीच सुधारली आहे. तरी उद्या ती शेवटपर्यंत कोर्टवर राहिली तर मोठी गोष्ट.

एवढं मी शनिवारी रात्रीच लिहिलं होतं. म्हणजे अर्धं पान झालंच होतं की! पण रविवारी सकाळी कॅप्टनला भेटायला गेलो आणि घोटाळा झाला.

एक घोटाळा असा की नऊ नंबर येणार नाही असं कळलं.

नऊ नंबर बद्दल मी यादीत एक ओळही लिहिली नव्हती. माझ्या शीटवर तिच्या नावापुढे फारसं काही असतच नाही. कधी दोन पॉइंट, कधी चार, कधी शून्य. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली, शेवटच्या वर्षाला. ती काय करते हे टेबलवरून दिसतं, शीटवर दिसत नाही. सातच्या मागावर असलेल्या मुलीच्या वाटेत ती जाऊन उभी राहते, हलत नाही, धक्का खाते, आणि तेवढ्यात सातला अर्धा सेकंद मोकळा मिळतो. बॉल रिंगला लागून उडाला की तो कुठे पडेल ते तिला आधी कळतं. बाकीचा वेळ ती डाव्या कोपऱ्यात उभी असते, हात तयार ठेवून. चार नंबर अडकली की न बघता डाव्या कोपऱ्याकडे बॉल फेकते. नऊ तिथे असतेच.

"घरी कापूस फुटलाय," कॅप्टन म्हणाला. "वेचायला माणूस मिळत नाही. त्यात ढगाळ होऊन राह्यलं. बापाचं म्हणणं, पोरगी घरी पाहिजे. आता त्याला काय म्हणावं?"

खरंच काय म्हणावं? फुटलेल्या कापसावर पाऊस पडला तर त्याचं काय होतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भिजलेला, पिवळा पडलेला कापूस व्यापारी हातात घेऊन चुरगाळतो आणि निम्म्या तोंडाने भाव सांगतो. वर्षभराचे पैसे त्या बोंडात असतात. वेचणी हे बायकांचंच काम मानलं जातं आणि मजुरी किलोवर असते. घरची एक पोरगी म्हणजे तेवढी मजुरी वाचली. सिनेमातल्या बापासारखा तो काही खेळाचा वैरी नाही. गेल्या वर्षी सामना बघायला आला होता. चपला काढून, कोर्टच्या बाहेर उकिडवा बसला होता.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर या मुलीचं हे शेवटचं वर्ष. या स्पर्धेतूनच विद्यापीठाचा संघ निवडतात. तो संघ पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. त्यात निवड झाली की 'कलर होल्डर'. इकडच्या पोरांना हा शब्द किती मोठा वाटतो ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, पण त्या नुसतं खेळून मिळत नाहीत, कोणत्या स्तरावर कितवा क्रमांक याचे नियम आहेत. तरी त्या शिडीची पहिली पायरी हीच. उद्या निवड समितीची माणसं येणार आहेत, आणि ती बघून निवडतात. शीट वाचून निवडली असती तर नऊ नंबर तशीही निवडली गेली नसती, हा भाग वेगळा.

दुसरा घोटाळा कपाटात निघाला.

कॅप्टन जुन्या फायली काढत बसला होता. आमचे सर निवृत्त होताना सगळं तसंच ठेवून गेले होते. त्यातल्या एका फायलीत मला एक घडी घातलेला पिवळा कागद दिसला. बास्केटबॉलच्या स्कोअरशीटला प्रती असतात. पांढरी मूळ प्रत आयोजकांची, गुलाबी जिंकलेल्या संघाची आणि पिवळी हरलेल्याची. उलगडून पाहिलं तर २००३. अमरावती. आमचा सामना! ५१–५३.

या सामन्याची गोष्ट मी आजवर किमान पन्नास वेळा सांगितली असेल. ती अशी. आम्ही एका पॉइंटने मागे, वीसेक सेकंद उरलेले, बॉल आमच्या आठ नंबरच्या हातात. त्याने डाव्या कोपऱ्यात पास दिला. तिथे कोणीच नव्हतं. बॉल समोरच्यांनी उचलला, आम्ही फाऊल केला, त्यांनी एक फ्री थ्रो घातला, संपलं. मी त्या वेळी बाकावर होतो, कारण शेवटच्या दोन मिनिटांत रेफरीने मला उगाच पाचवा फाऊल देऊन बाहेर काढलं होतं. गोष्ट संपताना मी नेहमी म्हणायचो, "आठ नंबरने मॅच घालवली राव."

परतीची एसटी मला नीट आठवते. अमरावती ते यवतमाळ, ९० किलोमीटरच्या आसपास. बडनेरा, नांदगाव, नेर. आठ नंबर खिडकीला डोकं टेकून बसला होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती आणि आम्ही चार जण उभे होतो. कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी टोमणा मारला नाही. आम्ही काहीच बोललो नाही. नेरला तो उतरला, त्याचं गाव तिकडेच. उतरताना मागे वळून म्हणाला, "येतो." त्यालाही कोणी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तो परीक्षेला दिसला, कॅन्टीनमध्ये दिसला, कोर्टवर कधी आला नाही.

आता ती पिवळी प्रत. कार्बनचा निळसर ठसा सगळीकडे होता, पण आमच्या संघाचे फाऊल कोणीतरी नंतर पेनने गिरवले होते, बहुधा आमच्या सरांनीच, तांबड्या आणि निळ्या शाईत नीट वेगळे करून. मी माझी ओळ शोधली. दहा नंबर. पाच रकाने, पाचही भरलेले. पाचवा तांबड्या शाईत.

तांबडा म्हणजे तिसरा क्वार्टर.

मी तो कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. तांबडाच होता. म्हणजे मी शेवटच्या दोन मिनिटांत नाही, चौथा क्वार्टर सुरू होण्याआधीच बाहेर गेलो होतो. पूर्ण दहा मिनिटं बाकावर होतो. आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली, जी मी वीस वर्षं बाजूला सारून ठेवली होती. पाचवा फाऊल रिंगजवळचा नव्हताच. मधल्या रेषेपाशी, त्यांचा गार्ड बॉल घेऊन येत असताना, काही गरज नसताना मी त्याच्या अंगावर गेलो होतो. त्याने आधी मला चकवलं होतं आणि लोक हसले होते, म्हणून. बस, एवढंच कारण!

आता पुढचं. त्या संघात डावा कोपरा कोणाचा होता? माझा. मी तिथे उभा असायचो. आठ नंबर मान खाली घालून आत घुसायचा, अडकला की न बघता डाव्या कोपऱ्यात फेकायचा, आणि मी तिथे असायचो. दोन वर्षं हेच केलं होतं आम्ही, रोज संध्याकाळी, अंधार पडेपर्यंत. माझ्या जागी आलेला चौदा नंबर पहिल्या वर्षाचा होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा रिंगकडे पळाला, जे कोणीही शहाण्या खेळाडूने केलं असतं.

आठ नंबरने पास चुकवला नव्हता. त्याने तो मला दिला होता.

शीटवर त्या पासची नोंद नाही. असूच शकत नाही. शीटवर पडलेले पॉइंट असतात आणि फाऊल असतात. चुकलेला शॉट लिहीत नाहीत, चुकलेला फ्री थ्रोही लिहीत नाहीत, हातातून गेलेला बॉल तर नाहीच. म्हणजे ज्या चुकीसाठी आम्ही एका मुलाला ९० किलोमीटर वाळीत टाकलं तिचा कागदावर मागमूस नाही, आणि माझी चूक मात्र तांबड्या शाईत, गिरवून, फायलीला लावून ठेवलेली! सरांना ते दिसलं असणारच. आम्हाला कधी बोलले नाहीत.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं केवढं वेड आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच. तिथली १९८२ ची अंतिम लढत फार प्रसिद्ध आहे. नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध जॉर्जटाऊन. शेवटी शेवटी पहिल्या वर्षाच्या एका मुलाने शॉट घातला आणि नॉर्थ कॅरोलायना ६३–६२ ने पुढे गेलं. तो मुलगा मायकेल जॉर्डन. जगाला तो शॉट आठवतो. पण त्यानंतरही काही सेकंद उरले होते आणि बॉल जॉर्जटाऊनकडे होता. त्यांच्या फ्रेड ब्राऊनने, आपला माणूस समजून, समोरच्या संघाच्या जेम्स वर्दीच्या हातात पास दिला. संपला सामना. आणि त्या लढतीतला सर्वोत्तम खेळाडू जॉर्डन ठरला नाही, २८ पॉइंट करणारा वर्दी ठरला. मग सामना कोणी ठरवला? जॉर्डनने, वर्दीने की ब्राऊनने? तिघांच्याही बाजूने रात्रभर भांडता येईल.

मला मात्र पुढचं दृश्य महत्त्वाचं वाटतं. जॉर्जटाऊनचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन हे डोंगराएवढे गृहस्थ होते, खांद्यावर कायम टॉवेल. सामना संपल्यावर, सगळ्या देशासमोर, त्यांनी फ्रेड ब्राऊनला जवळ ओढून मिठी मारली. तो मुलगा खेळत राहिला. १९८४ मध्ये जॉर्जटाऊनने ह्यूस्टनला हरवून विजेतेपद मिळवलं तेव्हा ब्राऊन संघात होता, आणि थॉम्प्सननी त्याला पुन्हा मिठी मारली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त गंमत वाटली होती. रविवारी तो पिवळा कागद हातात धरून उभा होतो तेव्हा मला नेरचा स्टँड दिसला.

कॅप्टनला कागद दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू गेल्यावर कोपरा भरायला मी सांगायला पाहिजे होतं चौदाले. कॅप्टन मी होतो."

म्हणजे वीस-बावीस वर्षांनी त्या पराभवाचे आता तीन वाटेकरी झाले. :)

आणि इथे दुसरा घोटाळा पहिल्या घोटाळ्याला जाऊन भिडला. नऊ नंबर उद्या आली नाही तर तिच्या जागी तेरा नंबर येणार. पहिल्या वर्षाची, खो-खो खेळणारी, वाऱ्यासारखी पळणारी. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळायचं नसतं. ते तिच्या पायात इतकं भिनलंय की बॉल हातातून गेला तरी ती सरळ पुढे पळत राहते. एकदा तर पळत पळत पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. आणि आमची चार नंबर अडकली की न बघता डाव्या कोपऱ्यात फेकणार.

मी कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टनने माझ्याकडे.

त्यानंतरचा रविवार मी यादीत कुठे बसवू ते मला कळत नाही. सरावाला पोरी आल्या तेव्हा कॅप्टनने नऊ नंबरची अडचण सांगितली आणि तेराला डाव्या कोपऱ्यात उभं करायला घेतलं. ती दोन मिनिटं उभी राहिली, मग म्हणाली, "सर, पण आपण गेलो तं त्यांच्याकडे वेचायले?" सगळ्या हसल्या. कॅप्टनही हसला. मग कोणीच हसेना. अर्ध्या तासाने पाच पोरी, कॅप्टन आणि त्याची बायको, असे दोन गाड्यांत बसून घाटंजीच्या वाटेला लागले. मी गेलो नाही, मला कंबरदुखी आहे. पण सोमवारी सगळा वृत्तांत ऐकला.

नऊ नंबर पऱ्हाटीत कमरेला ओटी बांधून उभी होती. यांना पाहून आधी लाजली, मग चिडली. "तुम्हाले कोणं बोलावलं वं?" शहरातल्या चार नंबरने जन्मात कापूस वेचला नव्हता. बोंडाची टोकं बोटात घुसल्यावर तिने जो आरडाओरडा केला त्याला म्हणे शेजारच्या शेतातली माणसं उठून पाहायला आली. कबड्डीवाली अकरा नंबर मात्र पटाईत निघाली, तिच्या घरी कापूसच आहे. संध्याकाळी काटा केला तेव्हा पाच जणींचा मिळून साठेक किलो भरला, आणि त्यात निम्मी पानं नि काड्या. नऊ नंबरच्या बापाने मूठभर कापूस हातात घेतला, त्यातला कचरा निवडला आणि म्हणाला, "याच्यापेक्षा माही म्हातारी जास्त वेचते." मग सगळ्यांना चहा पाजला. सामन्याचं तो बोलला नाही. यांनीही विषय काढला नाही. निघताना नऊ नंबर बांधापर्यंत आली आणि तेराला म्हणाली, "डाव्या कोपऱ्यात उभी राह्यजो. चार नंबर पाहत नाही, फेकते. पळू नको." तेराने मान डोलावली.

झालं ते एवढंच. अजून दोन दिवसांचा कापूस शिल्लक होता. आज दिवसभर ऊन होतं, ढग सरकले. ती उद्या येते की नाही, आत्ता रात्री साडेदहाला मला माहीत नाही, कॅप्टनलाही नाही.

पण आमच्या एसटीत जे घडलं नाही ते या पोरींच्या हातून, सामन्याच्या आधीच, घडून गेलं. उद्या चार नंबरने डावीकडे फेकलेला बॉल रिकाम्या सिमेंटवर पडला आणि आम्ही हरलो, तरी परतताना कोणाच्या शेजारची जागा रिकामी राहील असं मला वाटत नाही. (परतायचं कुठे नाहीच म्हणा, सामना आपल्याच कोर्टवर आहे.) मॅच कोणावर फिरेल या प्रश्नाचं उत्तर मला देता आलेलं नाही. सात नंबरचं मनगट, चार नंबरचा डावा हात, अकरा नंबरचे पाच फाऊल, यातलं काहीही ते असू शकतं. किंवा कोर्टवर नसलेली एखादी.

एक काम मात्र मी काल केलं. पिवळ्या प्रतीचा फोटो काढला आणि आठ नंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्याचं नेरला कृषी केंद्र आहे, नंबर माझ्याकडे होता, लग्नाच्या पत्रिका आणि दिवाळीच्या शुभेच्छा यापलीकडे कधी वापरला नव्हता. फोटोखाली लिहिलं, "माझा पाचवा बघ. तिसऱ्या क्वार्टरचा आहे. तू पास बरोबर दिला होता, मी तिथे नव्हतो."

लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. मग तासभर काहीच नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग उत्तर आलं, "माहे चार फाऊल होते का? मले तीनच आठवते."

मी लिहिलं, "चार. गिरवून ठेवलेत सरांनी."

पुन्हा बराच वेळ शांतता. मी जेवलो, भांडी आवरून झाली, बातम्या संपल्या. साडेनऊच्या सुमारास एक ओळ आली.

"बुधवारी किती वाजता हाय?"

चार वाजता आहे. तुम्हीही या, जवळपास असाल तर. कॅप्टनसाठी अर्धं पान लिहिलं नाहीच, उद्या सकाळी त्याची बोलणी खाईन. बोर्डावर लावायला एका कागदावर चार ते पंधरा सगळे नंबर एकाखाली एक लिहून ठेवले आहेत, नऊसकट. तांबडा पेन सापडला आहे, निळा शोधतो आहे.